दार कुठल्या बाजूला उघडतं?

२९ डिसेंबर २०१७ ची मध्यरात्र उलटून गेल्यावर, साधारण साडेबाराच्या सुमाराला, मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या दोन पबना आग लागली. 'मोजोज बिस्ट्रो' आणि त्याला लागून असलेला 'वन अबव्ह'. १४ माणसं गेली. त्यांतल्या ११ बाया होत्या. बहुतेक जण भाजून नव्हे, धुरानं गुदमरून गेले आणि त्यांतल्या बहुतेकांचे मृतदेह सापडले ते पबच्या स्वच्छतागृहात. एक जण स्वतःचाच वाढदिवस साजरा करायला आली होती.

त्या आठवड्यात रेल्वेच्या डब्यात, ऑफिसात, आपल्या बैठकांमध्येसुद्धा जो प्रश्न मी सर्वांत जास्त वेळा ऐकला तो असा : "रात्री साडेबारा वाजता पोरी तिथं काय करत होत्या?" गेलेल्या तीन पुरुषांबद्दल हा प्रश्न कुणी विचारला नाही. जिना किती रुंद होता, दुसरा जिना होता की नाही, असला तर तो मोकळा होता की त्यात बिअरचे क्रेट रचलेले होते, हे विचारणारी माणसं अगदी थोडी. आणि ज्यांनी विचारलं तीही पंधरा दिवसांत गप्प झाली.

यानंतर आठ वर्षांनी, डिसेंबर २०२५ मध्ये, गोव्यात हडफड्याच्या एका नाइटक्लबमध्ये आग लागून २५ जण गेले, तेव्हा पुन्हा तेच सगळं नव्यानं ऐकायला मिळालं. संस्कृती, पर्यटन, दारू, पोरी, नाच. म्हणून हा विषय आज आपल्या पानांवर घेते आहे. नाइटक्लब आणि बाईची सुरक्षितता हे दोन शब्द शेजारी आले की आपल्या समाजाचं डोकं एका ठरलेल्या दिशेनं चालायला लागतं, आणि ती दिशा दाराकडे जात नाही, बाईच्या चारित्र्याकडे जाते.

आधी त्या स्वच्छतागृहाबद्दल बोलू. आग लागली, धूर झाला, दिवे गेले की माणूस जिथून आत आला त्याच वाटेनं बाहेर पडायला धावतो. ती वाट बंद असली तर तो जिथं पाणी आहे आणि ज्याला दार आहे अशा जागी शिरतो. पाणी म्हणजे आगीपासून बचाव असं त्याला वाटतं. पण धूर पाण्याला भीत नाही. क्लबचं स्वच्छतागृह बहुतेक वेळा इमारतीच्या आतल्या कोपऱ्यात असतं, खिडकी नसते, असला तर एक पंखा असतो आणि तो वीज गेली की बंद पडतो. २०१३ च्या जानेवारीत ब्राझीलमधल्या सांता मारिया गावच्या 'किस' नावाच्या नाइटक्लबमध्ये आग लागली, २४२ माणसं गेली, बरीचशी विद्यार्थी. तिथंही मृतदेहांचा मोठा ढीग स्वच्छतागृहांतच सापडला. सांता मारियाला जे झालं ते जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. पाचच वर्षांत तेच लोअर परळला घडलं.

बायकांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे असं मला वाटतं. नाचण्याच्या जागी कुणी अंगचटीला आलं, कुणी पाठीमागं लागलं, तर बाई कुठं जाते? स्वच्छतागृहातच. मैत्रिणीला घेऊन जाते, दार लावते, पाच मिनिटं श्वास घेते. हा आपला वर्षानुवर्षांचा सराव आहे, सिनेमाच्या थिएटरात, लग्नाच्या हॉलमध्ये, ऑफिसात. पुरुषापासून वाचायला बाई जिथं शिरते तिथंच ती धुरापासून वाचायलाही शिरली, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य याचं वाटतं की क्लबचा नकाशा मंजूर करणाऱ्या एकाही टेबलावर ही गोष्ट कुणाला सुचत नाही.

दाराचा शोध काही आज लावायचा नाहीये. अमेरिकेत बॉस्टन शहरात २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री 'कोकोनट ग्रोव्ह' नावाच्या नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. मुख्य दार गोल फिरणारं होतं. गर्दीचा लोंढा आला तसं ते दोन्ही बाजूंनी दाबलं जाऊन अडकून बसलं. काही दारांना कुलपं होती, काही आतल्या बाजूला उघडणारी होती, म्हणजे माणसांच्या रेट्यानंच ती बंद झाली. त्यानंतर तिकडं नियम झाले : फिरत्या दाराशेजारी साधं दार हवं, आणि गर्दीच्या जागेचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. आपल्याकडेही बांधकामाच्या नियमांत हे सगळं लिहिलेलं आहे. दिल्लीच्या उपहार थिएटरात १९९७ साली ५९ जण गेले, तेव्हा कळलं की जाण्यायेण्याच्या वाटेत जास्तीच्या खुर्च्या बसवलेल्या होत्या. म्हणजे माहितीचा तुटवडा कधीच नव्हता.

महाराष्ट्रात तर २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यात म्हटलं आहे की इमारतीच्या मालकानं किंवा ती वापरणाऱ्यानं आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याला द्यायचं. कागदावर काही कमी नाही. कमला मिलच्या आगीनंतर अग्निशमन दलाच्या चौकशीत असं निघालं की हुक्क्याच्या निखाऱ्याची ठिणगी पडद्यांना लागली असावी. मग सरकारनं काय केलं? २०१८ साली कायदा करून हुक्का पार्लरांवर बंदी आणली. महापालिकेनं आगीच्या दुसऱ्याच दिवशी शहरभर ३०० हून अधिक ठिकाणची वाढीव बांधकामं पाडली. एका दिवसात इतकी बांधकामं पाडता येतात, याचा अर्थ ती सगळी आधीपासून माहीत होती. हडफड्याच्या क्लबबद्दलही हेच बाहेर आलं. ग्रामपंचायतीनं पाडण्याची नोटीस काढलेली होती आणि तिला वरून स्थगिती मिळाली होती. वाट इतकी अरुंद की आगीचे बंब दारापर्यंत पोचू शकले नाहीत.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येते. आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, हा श्रीमंत पोरींचा प्रश्न आहे, पाण्यासाठी वणवण करणाऱ्या बाईच्या मासिकात याला पानं कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

गोव्यात गेलेल्या २५ जणांपैकी बहुतेक जण तिथले कामगार होते. स्वयंपाकी, वाढपी, भांडी घासणारे, पहारेकरी. झारखंड, आसाम, नेपाळ अशा ठिकाणांहून पोटासाठी आलेले. गिऱ्हाइकं गच्चीवर किंवा दर्शनी भागात असतात, त्यांच्या वाट्याला निदान उघडं आकाश येतं. कामगार तळघरातल्या स्वयंपाकघरात असतो. जागेचं भाडं जितकं जास्त तितकी स्वयंपाकघराची आणि मोरीची जागा लहान, आणि ती दारापासून सर्वांत लांब.

आम्ही तिघी-चौघी गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी रात्री लोअर परळच्या एका आवारात उभ्या राहिलो होतो. बंद व्हायच्या वेळी नेमकं काय होतं ते बघायला. तिथल्या एका क्लबच्या बायकांच्या स्वच्छतागृहात काम करणाऱ्या बाई बाहेर आल्या, त्यांच्याशी बोलणं झालं. वय पंचेचाळीसच्या आसपास, राहायला दिव्याला. संध्याकाळी सातला येतात. फरशी पुसणं, कागद भरणं हे काम, पण खरं काम वेगळंच. "ताई, पोरी उलट्या करतात, त्यांचे केस धरायचे. कुणाचा ड्रेस फाटला तर पिन द्यायची. एखादी एकटीच आली, डोळे वर फिरलेले, तर तिला आत बसवून ठेवते. बाहेर कुणी विचारलं तर सांगते, इथं कुणी नाही." क्लबनं हे काम त्यांना नेमून दिलेलं नाही, त्याचे पैसेही नाहीत. आम्ही विचारलं, आग लागली तर तुम्ही कुठून बाहेर पडाल? त्या म्हणाल्या, ज्या लिफ्टनं येते त्या लिफ्टनंच. जिना त्यांना माहीत नव्हता. कुणी कधी दाखवला नव्हता. क्लब दीडला बंद होतो, आवरून निघेपर्यंत सव्वादोन होतात. दिव्याची गाडी चार वाजल्यानंतर. तोवर त्या करी रोडच्या बाजूला, स्टेशनाबाहेर, दुसऱ्या दोघी कामगार बायांबरोबर बसून राहतात.

हा श्रीमंत पोरींचा प्रश्न आहे का, ते ज्यांनी त्यांनी ठरवावं.

या बाईंना घरी सोडायची गाडी मिळायला हवी, हे कुणा दयाळू मालकाच्या मनावर नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ साली नवा झाला. त्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, तिच्या सुरक्षिततेची आणि प्रतिष्ठेची तजवीज करावी लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय मालकानं करायची असते. हा कायदा अमलात आला १९ डिसेंबर २०१७ ला. कमला मिलची आग त्यानंतर दहा दिवसांनी लागली. त्याआधीच्या जुन्या, १९४८ च्या कायद्यात काय होतं? रात्री ठरावीक वेळेनंतर बाईनं दुकानात-हॉटेलात कामच करायचं नाही. कारखाना कायद्यातही तसंच.

हे सगळं नेमकं गिरणगावातच घडतं आहे, म्हणून थोडं मागं जाते. आज जिथं पब आहेत तिथं वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बाया काम करत होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. पुढं तो घसरत घसरत नगण्य झाला. कारणं अनेक, नवी यंत्रं, बाळंतपणाचा खर्च टाळणारे मालक, पुरुषांच्या ताब्यातल्या युनियन. पण त्यांत एक कारण रात्रपाळीची बंदीही होतं. बाईच्या रक्षणासाठी आणलेली बंदी तिला कामावरून काढायच्या कामी आली : ही रात्री येऊ शकत नाही, मग हिला ठेवायचं कशाला? १९८२ च्या संपानंतर गिरण्याच गेल्या. त्या जागी काचेच्या इमारती आल्या, गच्च्यांवर ताडपत्र्या आणि बांबू चढले, आणि गिरणी कामगाराची नात तिथं हॉस्टेस म्हणून उभी राहिली. तिच्या आजीला रात्री कामाला येऊ देत नव्हते. हिला येऊ देतात, पण घरी सोडत नाहीत.

रक्षण म्हणजे बंदी हे समीकरण आपण २००५ साली पुन्हा एकदा पाहिलं. डान्सबारमध्ये बायकांचं शोषण होतं, म्हणून नाच बंद. हजारो बायांचा रोजगार एका फटक्यात गेला. मालकांनी बार चालूच ठेवले, फक्त बाया गेल्या. त्या वेळी स्त्री अत्याचार विरोधी मंच आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रातल्या मैत्रिणींनी बारमधल्या बायांना प्रत्यक्ष भेटून त्यांचं म्हणणं नोंदवलं. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो निकाल कायम केला, सरकारनं पुन्हा नवा कायदा केला, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्याही कित्येक अटी उडवल्या. चौदा वर्षं! या चौदा वर्षांत त्या बाया कुठं गेल्या याचा हिशोब सरकारनं ठेवलेला नाही.

मध्ये डिसेंबर २००७ मध्ये अनुज गर्ग खटल्याचा निकाल लागला होता. तो आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही, पण माझ्या मते तो या सगळ्या वादाच्या मुळाशी जातो. जिथं दारू दिली जाते अशा जागी बायांना कामाला ठेवायचं नाही, असं पंजाबच्या १९१४ च्या अबकारी कायद्यात कलम होतं. दिल्लीतही ते लागू होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : बाईला धोका आहे म्हणून तिला घरी बसवणं हे रक्षण नव्हे, ती काम करेल ती जागा सुरक्षित करणं हे सरकारचं काम.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. आपण दारूच्या विरोधात लढलेल्या बाया आहोत. 'उभी बाटली, आडवी बाटली' च्या मतदानासाठी आपण गावोगाव फिरलो आहोत, आडव्या बाटलीला मतं पडून दुकान बंद झालं की ओवाळून घेतलं आहे. मग आज आपण पबमध्ये जाणाऱ्या बायांच्या बाजूनं कशा बोलतो? चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या एका कार्यकर्तीनं मला हे तोंडावर विचारलं.

मला यात विसंगती दिसत नाही. दारूच्या दुकानाविरुद्धचं आंदोलन हे घरात येणाऱ्या पगाराबद्दल होतं, रात्री दारात पडणाऱ्या लाथेबद्दल होतं. ते त्या गावच्या बायांनी स्वतः मत देऊन ठरवलेलं होतं. बाईनं रात्री बाहेर पडू नये असा त्याचा अर्थ आपण कधीच केला नव्हता. उलट त्या सभा रात्रीच व्हायच्या आणि आपण रात्रीच्या एसटीनं परत यायचो! दारू वाईट आहे असं म्हणणारी बाईसुद्धा असं म्हणू शकत नाही की दारूच्या जागी गेलेली बाई गुदमरून मेली तर चालेल. मंगळूरला २४ जानेवारी २००९ ला एका पबमध्ये घुसून मुलींना केस धरून बाहेर ओढलं गेलं, तेव्हा मारणाऱ्यांनीही दारूचं आणि संस्कृतीचंच नाव घेतलं होतं. कॅमेऱ्यासमोर घडलेल्या त्या प्रकरणातले आरोपी २०१८ साली निर्दोष सुटले. त्या माणसांच्या आणि आपल्या दारूविरोधात काय फरक आहे, हे आपण स्वतःच मोठ्यानं सांगितलं नाही, तर आपलं आंदोलन ते वापरून घेतील.

पबच्या मालकांची बाजू घ्यायचं मात्र मला काही कारण नाही. 'लेडीज नाइट' म्हणून आठवड्यातला एक दिवस बायकांना दारू फुकट. हे काही बायकांवरचं प्रेम नाही. बाया आल्या की पैसे देणारे पुरुष येतात, म्हणजे बाई इथं गिऱ्हाईक नाही, ती माल आहे. एकट्या पुरुषाला प्रवेश नाही, जोडी असेल तरच, हा नियम बायकांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात त्याचा परिणाम असा होतो की दारात उभे असलेले पुरुष अनोळखी मुलींना गळ घालतात, आमच्याबरोबर आत येता का. आम्ही उभ्या होतो त्या रात्री तासाभरात हे तीनदा पाहिलं. बाऊन्सर बघत होता, त्याला त्यात काही गैर दिसलं नाही.

आणि पेयात काही मिसळून देण्याचा गुन्हा. त्याला पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३२८ कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेत १२३ आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. कलम कडक आहे, पण पुरावा काही तासांत शरीरातून निघून जातो. मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर येते, संध्याकाळपर्यंत मैत्रिणीला सांगते, तिसऱ्या दिवशी पोलिसांकडे जाते, आणि तिथं पहिला प्रश्न विचारला जातो, किती प्यायली होतीस? म्हणून आपल्या मुलींना, सुनांना, भाच्यांना हे सांगून ठेवायला हवं : शंका आली की आधी दवाखाना, रक्त-लघवी तपासणी, मग बाकीचं. बलात्काराची शंका असेल तर सरकारी असो की खाजगी, कुठल्याही रुग्णालयाला प्रथमोपचार फुकट करावेच लागतात. आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात तो नोंदवून घ्यावा लागतो. "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर आता बेकायदा आहे.

लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याबद्दल तर क्लबवाल्यांना आणि आपल्यालाही अर्धवटच माहिती आहे. हा कायदा फक्त ऑफिसातल्या बाईंसाठी नाही. क्लब हे कामाचं ठिकाण आहे, दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की तिथं अंतर्गत समिती हवीच. त्या कायद्यातली 'पीडित महिला' तिथं नोकरीला असलीच पाहिजे असं नाही, म्हणजे बाऊन्सरनं किंवा मॅनेजरनं गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाईचा छळ केला तर तीही या समितीकडे जाऊ शकते. शिवाय कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून कर्मचारी बाईला सुरक्षित ठेवणं हे मालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. म्हणजे दारू वाढणाऱ्या मुलीच्या कमरेत हात घालणारं गिऱ्हाईक हा "धंद्याचा भाग" नाही. किती क्लबमध्ये भिंतीवर या समितीच्या सदस्यांची नावं लावलेली आहेत? आम्ही विचारलं त्या दोन्ही ठिकाणी मॅनेजरला समिती म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

सर्वांत धोक्याची जागा मात्र क्लबच्या आत नाही, ती दाराबाहेरच्या पन्नास पावलांत आहे. १ जानेवारी २००८ च्या पहाटे जुहूला एका मोठ्या हॉटेलातून बाहेर पडलेल्या दोन बायांना सत्तर-ऐंशी पुरुषांच्या जमावानं घेरलं. २० ऑक्टोबर २०११ ला अंधेरीत आंबोलीला, मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकलं म्हणून दोन तरुण मुलांना रस्त्यावर भोसकून मारलं. त्या खटल्यात २०१६ साली चौघांना जन्मठेप झाली. दोन्ही घटना बाहेर, रस्त्यावर, लोकांसमोर.

आणि या पन्नास पावलांत गर्दी कोण जमवतं? मुंबईत दारूच्या जागा रात्री दीडला बंद करायच्या. शेवटच्या लोकल एकच्या आसपास सुटून जातात, पहिल्या चारनंतर. म्हणजे ज्या क्षणी गाड्या संपतात त्याच्या लगेच नंतर, शहरातले सगळे क्लब एकाच वेळी आपली सगळी माणसं, प्यालेली आणि न प्यालेली, रस्त्यावर आणून सोडतात. रिक्षा या भागात नाहीत, टॅक्सीवाले मागतील ते भाडं. मोबाइलवरच्या गाड्यांचे दर त्याच घटकेला दुप्पट-तिप्पट. दीडची वेळ पोलिसांच्या सोयीची असेल, बाईच्या सोयीची नाही. दारू दीडला बंद करा, माझी हरकत नाही. पण टेबलं, चहा-कॉफी, दिवे आणि स्वच्छतागृह पहिल्या गाडीपर्यंत चालू राहू द्या, म्हणजे बाई आत बसून थांबू शकेल, आणि दिव्याच्या त्या बाईंना फुटपाथवर बसावं लागणार नाही. दर घटनेनंतर "लवकर बंद करा" अशी मागणी होते. बारा वाजता बंद केले तर निदान गाडी मिळेल असं म्हणणाऱ्या मैत्रिणींचं म्हणणं मला समजतं. पण मग ते बायकांसाठी आहे असं म्हणू नका. रात्रपाळी संपवून येणारी परिचारिका, विमानतळावरची सफाई कामगार, कॉल सेंटरची मुलगी, यांना त्या ओसाड रस्त्यानंच जायचं आहे. रस्त्यावर माणसं आणि उघडी दुकानं असणं हेच त्यांचं संरक्षण.

पोलीस काय करतात? २०१२ साली मुंबईत समाजसेवा शाखेच्या धाडी गाजल्या, अधिकाऱ्याच्या हातातल्या हॉकी स्टिकचा फोटो छापून आला. पिण्याचे परवाने तपासले, किती माणसं आत आहेत ते मोजलं. जिने तपासल्याचं माझ्या वाचनात नाही. माणसं मोजायलाच हवीत, त्याला माझा पाठिंबा आहे. पण मोजून झाल्यावर त्या माणसांना बाहेर पडायला वाट किती, हेही मोजा.

दारू विकण्याचे परवाने दर वर्षी ३१ मार्चला संपतात आणि नव्यानं द्यावे लागतात. त्या वेळी उत्पादन शुल्क खात्यानं जानेवारीचं आगीचं प्रमाणपत्र, अंतर्गत समितीच्या सदस्यांची यादी आणि रात्री बायांना घरी सोडणाऱ्या गाडीची नोंद, हे तीन कागद मागितले तर नवा कायदाही करावा लागणार नाही. खातं ते आपणहून मागेल अशी आशा मला नाही.

म्हणून आम्ही काही जणींनी ठरवलं आहे की महापालिकेच्या जी-दक्षिण विभागातल्या, म्हणजे लोअर परळ-वरळीच्या, गच्चीवरच्या आणि तळघरातल्या क्लबांची जानेवारी आणि जुलैची प्रमाणपत्रं माहितीच्या अधिकारात मागायची. अर्जाला १० रुपये लागतात, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. पुणे, नाशिक, नागपूर आणि पणजीच्या मैत्रिणींनीही आपापल्या भागात असा अर्ज करावा. अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी पत्र पाठवावं, पाठवून देऊ. प्रमाणपत्रं आली तर कुणाची आली आणि कुणाची आली नाहीत, ती यादी पुढच्या अंकात छापू.